पोटातलं पाणी

सावद्यात बसस्टँडमागं माझं वाइंडिंगचं दुकान.
पाटीवर रंगाऱ्यानं लिहून ठेवलंय:
'येथे सर्व प्रकारच्या पाणबुड्या दुरुस्त करून मिळतील.'
योगराज ती वाचून उभ्या उभ्या हसला,
सुट्टीवर आल्यापासून पहिल्यांदाच.

तो खऱ्या पाणबुडीवरचा.
इंदूचा मुलगा, माझा भाचा.
तापीत पोहायला शिकवताना
माझ्या गळ्याला त्यानं मारलेली मिठी
अजून आवळते कधी कधी.

स्टुलावर बसून, पिवळ्या कवचाची तार
बोटाला गुंडाळत म्हणाला,
दहा मीटर खाली गेलं, मामा,
की नखाएवढ्या जागेवर एक किलो.
आणखी दहा मीटर, आणखी एक.
मी मनात वजन करून पाहिलं:
दोनशे मीटरवर
एकेका नखावर
बामणोदच्या वांग्यांचं एकेक कॅरेट.
आणि एवढ्या मोठ्या बोटीला नखं किती, ते कोण मोजणार.

'पहिल्या डुबकीला
जुनी माणसं नव्या पोरांपुढं
एक दोरी बांधतात. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, ताठ.
मग बोट खाली जाते.
दोरीला कुणी हात लावत नाही.
तरी तिला झोळ पडतो.'

मी म्हटलं, दमट हवा, दोरी लांबत असेल.

'दोरी नाही लांबत, मामा.
भिंती जवळ येतात.'

हे त्यानं इतक्या हळू सांगितलं
की मला पंखा बंद करावा लागला.
तिथं मोठ्यानं बोलत नाहीत म्हणे. पाणी चहाडी करतं.
तेवढ्यात माझ्या हातून पाना सटकला, फरशीवर वाजला,
आणि तो दाराकडं नाही,
छताकडं बघू लागला.

इंदू सांगत होती, वरच्या खोलीत
कपाटाच्या कडीपासून खिडकीच्या गजापर्यंत
त्यानं सुतळी बांधलीय.
तिला वाटलं, सोय केली पोरानं,
तिनं दोन ओल्या साड्या वाळत टाकल्या.
त्यानं काही न बोलता त्या उचलल्या, गच्चीवर नेल्या,
सुतळी पुन्हा ताणून बांधली.
बाकी काही नाही, म्हणाली, जेवतो, झोपतो,
पोटातलं पाणी हलत नाही त्याच्या.

खिरोद्याची मोटार तयार झाली होती.
आठशे फुटांचा बोअर.
उभी करून झाकण काढलं
आणि जगानं आत पाणी ओतायला लागलो.

'मामा! आत पाणी?'

'तं काय भो. गाळलेलं. काठोकाठ.
तारेला प्लास्टिक आहे, तिला काही होत नाही.
पण बुडबुडा एक राहता कामा नये.
आत पाणी, बाहेर पाणी,
मग कितीही खाली जाऊ दे,
कोण कोणाला दाबेल?'

तो बघत राहिला त्या अरुंद नळकांड्याकडं,
जिच्यात मांजराचं पिल्लूही मावणार नाही.
'आमच्यात हवा असते,' म्हणाला.

'असायलाच पाहिजे.
माझ्या पाणबुडीत कुणी राहत नाही.'

यावर त्यानं उत्तर दिलं नाही.
बोटाची तार उलगडली, तिला पडलेली वळणं
पुसून सरळ करू लागला, ती काही पुरती सरळ होईना.
मग उठून माझ्या हातातला जग घेतला.

मी लाकडी हातोडीनं हळू हळू ठोकत होतो,
कुठं अडकलेली हवा वर यावी म्हणून.
तो ओतत होता, धार तुटू न देता,
एक कान गार पोलादाला लावून.
एक बुडबुडा आला. मग दोन बारके.
मी झाकण उचललं, तर मनगट धरलं माझं.
'आहे अजून.'

बाहेर केळीचा ट्रक मागं घेत होते,
'येऊ दे, येऊ दे' चाललं होतं.
खिरोद्याचा माणूस तिसऱ्यांदा दारात आला,
झाली का हो आमची पाणबुडी?

थांब भो, म्हटलं,
आत हवा आहे थोडी.